जपानचे फुटबॉल प्रशिक्षक हाजिमे मोरियासू खेळाडू म्हणून कसे होते? त्यांना जपानमध्ये एवढी लोकप्रियता कशामुळे मिळाली?

'लोकप्रियता' हा शब्द वाचून मी जरा थबकलो. ऑक्टोबर २०२१ मध्ये एखाद्या जपानी माणसाला हे विचारलं असतं, तर 'कुणाची? मोरियासूंची?' असा उलट प्रश्न आला असता. त्या महिन्यात त्यांना हाकला म्हणणारा हॅशटॅग जपानी ट्विटरवर जोरात होता. पुढच्या चौदा महिन्यांत वारं पार फिरलं. ते कसं फिरलं, हेच खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधीच कबूल करतो, मी तटस्थ नाही. मी मूळचा कोल्हापूरचा. २०१४ ते २०१८ हिरोशिमात गाड्यांच्या सुट्या भागांच्या कामात होतो, आणि मोरियासू म्हणजे हिरोशिमाचा माणूस. पेठेच्या संघाबद्दल जसं आपण नीट बोलू शकत नाही, तसं माझं त्यांच्याबाबतीत होतं. आणखी एक, खेळाडू मोरियासूला मी 'तो' म्हणणार आणि प्रशिक्षक झाल्यावर 'ते'. मराठीत आपली तीच रीत आहे.

सुरुवात नावापासून करू, कारण त्या नावातच सगळा माणूस आहे. जपानीत त्याचं नाव तीन चित्राक्षरांत लिहितात. पहिल्याचा अर्थ वन, दुसऱ्याचा राखणं, तिसरं म्हणजे नुसती एक आडवी रेघ, एक. पहिली दोन मिळून आडनाव मोरियासू, तिसरं हाजिमे. पण अनोळखी माणूस ते सहज 'मोरी' आडनाव आणि 'होइची' नाव असं वाचतो. १९९२ मध्ये तो राष्ट्रीय संघात आला तेव्हा अनेकांनी तसंच वाचलं. हा कोण, हेच लोकांना ठाऊक नव्हतं. त्या चुकीच्या 'होइची'चं पुढं 'पोइची' झालं आणि तेच त्याचं लाडाचं नाव झालं. टोपणनावसुद्धा लोकांनी नाव चुकीचं वाचल्यामुळे मिळालेलं!

जन्म १९६८ चा, शिझुओका प्रांतातल्या काकेगावाचा, पण वाढला नागासाकीत. १९८७ मध्ये शाळा संपवून तो हिरोशिमाच्या माझदा कंपनीच्या संघात दाखल झाला. तेव्हा जपानमध्ये व्यावसायिक लीग नव्हती. कंपनीत नोकरी करायची आणि कंपनीच्याच संघातून खेळायचं. त्या वर्षीच्या भरतीत त्याचा नंबर शेवटचा. मूळ कंपनीत जागा उरली नव्हती, म्हणून त्याला वाहतुकीच्या उपकंपनीत चिकटवलं. त्याला हेरणारे काझुओ इमानिशी हे हिरोशिमाच्या फुटबॉलमधलं मोठं नाव. चांगला खेळाडू व्हायच्या आधी समाजात चार लोकांत नीट वागणारा माणूस हो, हा त्यांचा आग्रह. हे कुठल्याही क्रीडाशिक्षकाच्या तोंडी शोभेल असं वाक्य आहे, मान्य. पण मोरियासूनं ते फारच मनावर घेतलं असं दिसतं.

तर खेळाडू म्हणून कसा होता? खरं सांगायचं तर डोळ्यांत न भरणारा. वेग नाही, उंची नाही, लांबून बॉल ठोकायची ताकद नाही. बचावफळीच्या जरा पुढं उभं राहायचं, समोरच्याचा पास कुठं जाणार ते आधी ओळखून तिथं पाय घालायचा, आणि बॉल मिळाला की जवळच्या, आपल्यापेक्षा बऱ्या खेळाडूकडं देऊन टाकायचा. जपानीत या जागेला 'बोरांची' म्हणतात. शब्द ब्राझीलहून आलेला, मूळ पोर्तुगीज अर्थ गाडीचं स्टीअरिंग. जपानमध्ये तो सर्वसामान्य प्रेक्षकाच्या तोंडी बसला त्याचं बरंचसं श्रेय मोरियासूलाच देतात. गाड्यांच्या कंपनीतला पोरगा आणि खेळायचा स्टीअरिंग! यावरून हिरोशिमात इतके विनोद ऐकलेत की आणखी एक मी करत नाही.

राष्ट्रीय संघात त्याला आणलं हान्स ऊफ्त या डच प्रशिक्षकानं. ऊफ्त त्याआधी माझदाच्या संघाला शिकवून गेलेला असल्यानं त्याला हा मुलगा माहीत होता. मे १९९२ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पहिला सामना. त्याच वर्षी आशियाई चषक हिरोशिमातच भरला आणि जपाननं तो पहिल्यांदा जिंकला. पुढं एकूण ३५ सामने, गोल फक्त एक. विश्वचषक मात्र खेळायला मिळाला नाही, आणि का नाही मिळाला ही गोष्ट जपानमधल्या शाळकरी पोरालाही पाठ असते.

२८ ऑक्टोबर १९९३, दोहा. १९९४ च्या विश्वचषकासाठी आशियाच्या पात्रता फेरीतला शेवटचा सामना, समोर इराक. जपान गटात पहिला, जिंकलं की अमेरिकेचं तिकीट, आणि तेही इतिहासात पहिल्यांदाच. नव्वद मिनिटं संपली तेव्हा फलक २-१ दाखवत होता. भरपाई वेळेत इराकला कॉर्नर मिळाला. सगळे बॉल थेट गोलसमोर येईल म्हणून सज्ज, आणि त्यांनी तो आखूड मारला. जपानचा काझू मिउरा पाय लांबवत धावला, पोचला नाही. क्रॉस आला, हेडर झालं, बॉल जाळ्यात. २-२. दक्षिण कोरिया गोलफरकानं पुढं गेला. शिट्टी वाजली तेव्हा जपानचे खेळाडू जागच्या जागी गवतावर बसले. पंचवीस वर्षांचा मोरियासू त्यांच्यातच होता. 'दोहाची शोकांतिका' म्हणतात तिला. आपल्याकडं मियांदादनं शारजात शेवटच्या बॉलवर मारलेला छक्का आठवा. तो ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं समजावायला नको.

त्यानंतरची खेळाडू म्हणून दहा वर्षं मी झटकन सांगतो. माझदाच्या संघाचा व्यावसायिक लीगमध्ये सान्फ्रेचे हिरोशिमा झाला. 'सान' म्हणजे जपानीत तीन, 'फ्रेचे' म्हणजे इटालियनमध्ये बाण. एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत ही तिथल्या मोरी मोतोनारी या सरदाराची गोष्ट. आपल्याकडच्या लाकडांच्या मोळीच्या गोष्टीची सख्खी बहीणच. १९९४ मध्ये या संघानं लीगचा पहिला टप्पा जिंकला, अंतिम लढतीत हरला. मग एक वर्ष क्योतो, परत हिरोशिमा, शेवटी सेंदाई, आणि २००३ चा हंगाम संपल्यावर निवृत्ती. नंतर बरीच वर्षं हाताखालचा प्रशिक्षक म्हणून काढली.

२०१२ मध्ये सान्फ्रेचेनं त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं, आणि पहिल्याच वर्षी क्लबनं लीग जिंकली. व्यावसायिक लीगमधलं क्लबचं पहिलं विजेतेपद. २०१३ मध्ये पुन्हा. २०१५ मध्ये तिसऱ्यांदा. चार वर्षांत तीन. हा काही पैसेवाला क्लब नाही हे लक्षात घ्या. दरवर्षी कुणीतरी चांगला खेळाडू श्रीमंत क्लब उचलून न्यायचा. आधीचे प्रशिक्षक पेत्रोविच उरावा क्लबला गेले, मग मोरिवाकी तिकडं गेला, मग गोलरक्षक निशिकावाही तिकडंच. मोरियासूंनी तक्रार केल्याचं कधी ऐकलं नाही. उरलेल्यांना घेऊन ते पुढच्या मोसमाला उभे राहायचे.

२०१५ ची अंतिम लढत मी मैदानात बसून पाहिली, ती जरा सविस्तर सांगतो. विजेता दोन सामन्यांच्या बेरजेवर ठरणार होता. पहिला ओसाकात, गांबा ओसाकाच्या घरी. नव्वदाव्या मिनिटाला हिरोशिमा १-२ नं मागं, आणि भरपाई वेळेत दोन गोल मारून ३-२ नं जिंकली. तीन दिवसांनी, ५ डिसेंबरला, हिरोशिमात दुसरा सामना. माझ्या विभागातले एक वरिष्ठ, मी त्यांना सेन्पाई म्हणायचो, जांभळा मफलर गुंडाळून मला घेऊन गेले. होन्दोरीहून आस्त्राम लाइन पकडायची आणि पार शेवटच्या स्थानकापर्यंत डोंगरात जायचं. जुनं मैदान तिथं होतं. ॲथलेटिक्सचा ट्रॅक मध्ये असल्यानं खेळाडू मुंग्यांएवढे दिसायचे, आणि डिसेंबरची रात्र अशी की हातातल्या कॅनमधली गरम कॉफी पिण्यापेक्षा गालाला लावायला बरी.

पूर्वार्धात ओसाकानं गोल केला. आमच्या रांगेतले लोक गप्प झाले. जपानी माणसं चिडली की आवाज वाढत नाही, कमी होतो. सेन्पाई पुटपुटायला लागले, 'आसानोला आणा, आसानोला आणा.' ताकुमा आसानो तेव्हा एकवीस वर्षांचा, भन्नाट वेगाचा, पण सुरुवातीपासून खेळण्याइतका पक्का झालेला नव्हता. मोरियासूंचं ठरलेलं गणित होतं. अनुभवी हिसातो सातो आधी खेळणार, समोरचे बचावपटू थकले की आसानो उतरणार. तो उतरला आणि ७६ व्या मिनिटाला त्यानं हेडरनं बरोबरी साधली. सामना १-१, बेरीज ४-३, विजेतेपद हिरोशिमाचं. आसानो हे नाव लक्षात ठेवा, खाली लागेल.

मग उतार. आसानोला आर्सेनलनं घेतलं, गोल करणारा डग्लसही गेला. २०१७ च्या जुलैत अठरा संघांत सतरावा नंबर असताना मोरियासूंनी राजीनामा दिला. तेव्हा ऑफिसात एक गोष्ट मला कळेना. त्यांना कुणी शिव्या देत नव्हतं. 'पोइचींना हे दिवस बघायला लागले,' एवढंच. कोल्हापुरात हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकाची चहाच्या गाड्यावर जी सालटी काढतात ती बघत वाढलेल्या मला हे नवीन होतं. पण ते हिरोशिमापुरतं. बाकीच्या जपानला या माणसाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि पुढं राष्ट्रीय संघात गेल्यावर तेच नडलं.

राजीनाम्यानंतर तीनच महिन्यांत त्यांना टोकियो ऑलिंपिकसाठी तरुण संघाची जबाबदारी मिळाली. २०१८ च्या विश्वचषकात ते निशिनो यांचे सहायक म्हणून बाकावर होते. रोस्तोव्हमध्ये बेल्जियमविरुद्ध जपान २-० नं पुढं होता, २-२ झालं, आणि भरपाई वेळेत जपाननं कॉर्नर मारला. तो बेल्जियन गोलरक्षक कूर्त्वानं पकडला, आणि काही सेकंदांत बॉल दुसऱ्या टोकाच्या जाळ्यात. पुन्हा कॉर्नर, पुन्हा शेवटचा मिनिट. महिना संपायच्या आत मुख्य प्रशिक्षकपद मोरियासूंकडं आलं.

पहिली तीन वर्षं लोकांना ते बिलकूल आवडले नाहीत. २०१९ च्या आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात कतारकडून हार. घरच्या ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर. पत्रकार परिषदेत तेच तेच गुळमुळीत, चांगल्या बचावातून चांगला हल्ला वगैरे. बदली खेळाडू उशिरा उतरवतात, ठरलेल्या खेळाडूंनाच चिकटून बसतात, ही कायमची तक्रार. आणि मग २०२१ ची पात्रता फेरी. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर ओमानकडून ०-१, ऑक्टोबरमध्ये जेद्दाहला सौदीकडून ०-१. तीन सामन्यांत दोन पराभव. वर म्हटलेला हॅशटॅग तेव्हाचा.

पाच दिवसांनी साइतामात ऑस्ट्रेलियाविरुद्ध सामना. हरले असते तर गेलेच असते. राष्ट्रगीत सुरू झालं आणि कॅमेरा बाकाकडं वळला. मोरियासू मोठ्यानं गात होते आणि डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी त्यांनी रचना बदलली, मधल्या फळीत एंदो, मोरिता आणि तानाका असे तीन कष्टाळू खेळाडू घातले. तिघेही थोडेफार जुन्या मोरियासूसारखेच! तानाकानं आठव्या मिनिटाला गोल केला, शेवटी बदली उतरलेल्या आसानोच्या फटक्यातून ऑस्ट्रेलियाचा स्वयंगोल झाला, २-१. नोकरी वाचली. मार्च २०२२ मध्ये सिडनीत जिंकून कतारमधल्या विश्वचषकाचं तिकीटही मिळालं.

संघ जाहीर झाला तेव्हा पुन्हा आरडाओरडा. आसानोच्या गुडघ्याचा लिगामेंट सप्टेंबरमध्ये दुखावला होता, तरी त्याला घेतलं. हिरोशिमाच्या पोराचे लाड चाललेत, असं लोक उघड लिहीत होते.

२३ नोव्हेंबर २०२२, आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा. तोवर मी कोल्हापुरात परतलो होतो. गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे, जपानचा सामना बघायला मी आणि दोन मित्र. जर्मनीनं पूर्वार्धात जपानला अक्षरशः बॉल दिला नाही. १-० वर निभावलं हेच नशीब. मध्यंतरानंतर मोरियासूंनी मागं चारच्या जागी तीन बचावपटू केले, आणि मग एकामागून एक मितोमा, आसानो, दोआन, मिनामिनो असे सगळे हल्ला करणारे उतरवले. ज्या माणसावर बदल उशिरा करतो म्हणून टीका व्हायची, त्यानं सगळं दुकानच मांडलं. मिनामिनोचा बॉल जर्मन गोलरक्षक नॉयरनं ढकलला, दोआननं तो जाळ्यात मारला. ८३ व्या मिनिटाला इताकुरानं मागून लांब बॉल टाकला, आसानोनं तो धावता धावता पायावर असा उतरवला की मी उभाच राहिलो, आणि अगदी अरुंद कोनातून नॉयरच्या खांद्यावरून गोल. माझ्या मित्राला आमचं २०१५ काय माहीत! तो विचारत होता, 'तू रडतोयस का रे?'

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. कोस्टा रिकाकडून हरले आणि शिव्या परत सुरू झाल्या, चार दिवसांत! मग स्पेनला २-१ नं हरवलं, सामन्यातला जेमतेम अठरा टक्के वेळ बॉल ताब्यात असताना. सामन्यानंतर मोरियासूंनी सांगितलं की शेवटचा मिनिट उरला तेव्हा त्यांना १९९३ आठवलं. त्याच शहरात, एकोणतीस वर्षांनी, ते तोच मिनिट पुन्हा बघत होते, आणि आपले खेळाडू मागं न सरकता पुढं जाऊन बॉल हिसकावतायत हे त्यांना दिसलं. लोकांचं मन फिरलं ते इथं, असं मला वाटतं. तोवर ते एक कंटाळवाणे प्रशिक्षक होते. त्या रात्री ते दोहात गवतावर बसलेल्यांपैकी एक झाले. ती जखम सगळ्या देशाची होती.

त्यांची वही पण तेव्हाच गाजली. सामना चालू असताना ते बाकाजवळ उभं राहून छोट्या वहीत काहीतरी टिपत असतात. ज्याचं नाव वहीत लिहिलं तो संपला, अशी मंगातली, म्हणजे जपानी चित्रकथेतली, गोष्ट जगभर माहीत असल्यानं जर्मनी आणि स्पेनची नावं त्यात लिहिली गेली म्हणून चित्रांचा पूर आला.

क्रोएशियाविरुद्ध १-१ आणि मग पेनल्टीवर हार. इथं मी मोरियासूंना माफ करत नाही. पेनल्टी कोण मारणार हे त्यांनी खेळाडूंवर सोडलं, ज्याला मारायचीय त्यानं हात वर करावा. काही क्षण कुणीच हात वर केला नाही, शेवटी मिनामिनो पुढं आला. चारपैकी तीन अडवल्या गेल्या. माणसांवर विश्वास टाकणं वेगळं आणि त्या क्षणी ओझं खेळाडूवर ढकलणं वेगळं. ज्या स्वभावानं आसानोला घेतलं तोच स्वभाव इथं अंगाशी आला. पण सामन्यानंतर ते एकटे जपानी प्रेक्षकांसमोर गेले आणि कमरेत वाकून बराच वेळ तसेच राहिले. तो फोटो जगभर गेला.

विश्वचषकानंतर जपानी महासंघानं त्यांनाच कायम ठेवलं. स्पर्धा संपल्यावर त्याच प्रशिक्षकानं पुढची चार वर्षं चालवणं जपानमध्ये आधी झालेलं नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मनीला त्यांच्या घरी ४-१ नं हरवलं, दुसऱ्या दिवशी जर्मनीनं आपल्या प्रशिक्षकाला काढलं. २०२४ च्या सुरुवातीला आशियाई चषकात इराणकडून उपांत्यपूर्व फेरीत हार झाली, तेव्हा मात्र पुन्हा बडबड झालीच. मार्च २०२५ मध्ये यजमान सोडून २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरणारा पहिला देश जपान.

आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला टोकियोत ब्राझीलला ३-२ नं हरवलं. तो मैत्रीपूर्ण सामना होता, तरी ब्राझीलवर जपानचा इतिहासातला पहिला विजय. मध्यंतराला ०-२ होतं. मी लगेच सेन्पाईंना अभिनंदनाचा निरोप पाठवला. ते आता निवृत्त आहेत, मफलर अजून तोच आहे. दहा मिनिटांनी उत्तर आलं, 'पहिली पंचेचाळीस मिनिटं पोइची काय झोपले होते का?'